ताई, कपाट उघड

प्रिय ताई,

दिवाळीत तुझ्या कपाटातल्या कपड्यांचे फोटो काढून तुझ्या फोनमध्ये ते कपडे जुळवून दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं, तेव्हा तू म्हणालीस, "हे श्रीमंतांचे चोचले." घरात पाहुणे होते, म्हणून मी बोलले नाही. आता बोलते.

तुझं अर्धं म्हणणं खरं आहे. कल्पना तिकडचीच. 1995 साली 'क्लूलेस' नावाचा हॉलिवूडचा सिनेमा आला. त्यातली श्रीमंत घरची मुलगी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपलेच कपडे एकमेकांशी जुळवून बघते आणि मग कपाटाला हात लावते. आज तेच फोनमध्ये आलंय. पण त्या मुलीकडे वेळ होता गं! तुझ्याकडे कुठे आहे? पहिल्या पाळीला अंधारातच साने चौकात कंपनीच्या बसची वाट बघायची, चाकणला दिवसभर लाइनवर उभं राहायचं, येताना तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये डुलक्या काढायच्या. कपाटापुढे निवांत उभं राहणं ज्या बाईला जमतच नाही, तिलाच हे जास्त लागतं. रात्री गादीवर पडल्या पडल्या बघायचं, सकाळी हात घालून तेवढंच काढायचं. चोचले कसले त्यात?

आणि त्या दिवशी तुलाही मजा येत होतीच की! पैठणीचा फोटो घडीवरच काढला, तर अ‍ॅपने मागची चादर पुसता पुसता काठही खाल्ला. तू फोन बघून म्हणालीस, "पदर दिसत नसेल तर साडीचा फोटो कशाला काढायचा?" मग आपण पलंग रिकामा केला, तू पदराची दोन टोकं धरून उभी राहिलीस आणि मी खुर्चीवर चढले. मोर नीट दिसेपर्यंत तू मला खाली उतरू दिलं नाहीस. आठवतंय ना?

साडी म्हणजे एकच कपडा, असं त्या अ‍ॅपला वाटतं. त्यात शर्ट, पँट, ड्रेस असे कप्पे. म्हणून मी ब्लाउज वेगळे टाकले, आणि तिथेच सगळा उलगडा झाला. तुला साड्या कमी पडत नाहीत, ब्लाउज कमी पडतात. तो काळा खणाचा ब्लाउज एकटा कितीतरी साड्यांचा संसार ओढतोय, बाकीचे तुला दंडात बसतच नाहीत. "नेसायला काही नाही" असं तू दर लग्नसराईत म्हणतेस, त्याचं कारण हे. शिवणीत कापड आहे, मी उलटे करून पाहिले. टेलरकडे टाकले की निम्मे तरी वापरात येतील.

आता खरं बोलते, रागावू नकोस. कोणता कपडा किती वेळा घातला ते त्यात नोंदता येतं. किंमत टाकली की एकेका वापराला किती पैसे पडले तेही ते दाखवतं. मी विचारत गेले, तू आठवून सांगत गेलीस, आणि पैठणीपाशी थांबलीस. स्वतःच्या बोनसमधून घेतलेली, फॉल-पिको करून आणलेली, आणि अंगाला एकदाही न लागलेली. कुणासाठी ठेवलीस, ताई? पोरीच्या लग्नासाठी? ती आत्ता आठवीत आहे!

रेशीम नुसतं ठेवून टिकत नाही गं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की घडीवरच चिरतं. जर काळवंडते. डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही, साडी मलमलच्या कापडात गुंडाळायची, अधूनमधून घडी बदलायची. आईचं इरकल असंच गेलं ना? लाल पदर जसाच्या तसा होता आणि अंगावरची घडी उलगडताना हातात फाटली. तेव्हा तू रडलीस, मग तेच आता पुन्हा का करतेस?

नवरात्रातलंही सांगून टाकते. यंदा, 2025 साली, घटस्थापना सोमवारी, 22 सप्टेंबरला होती; पहिला दिवस पांढरा, सहाव्या दिवशी, शनिवारी, राखाडी. तुमच्या सोसायटीतल्या बायकांचा त्या दिवसाचा फोटो तू मला पाठवलास, त्यात तू नव्हतीस. दिवाळीत सगळं भरून झाल्यावर मी मुद्दाम अ‍ॅपमध्ये राखाडी रंग शोधला. एकच गोष्ट वर आली: कंपनीचा शर्ट. साडी नको, ओढणी नको, यंत्रात अडकेल, हे कंपनीचं बरोबरच आहे. तो शर्टही मी अभिमानाने त्यात ठेवलाय. त्याच शर्टाच्या पगारावर मी शिकले. पहिल्या मुलाखतीला मी घातलेला आकाशी ड्रेस तू ओव्हरटाइम करून घेतला होतास, आणि स्वतः त्या दिवाळीला काही घेतलं नव्हतंस. मला सगळं माहीत आहे. तू कधी बोलली नाहीस म्हणून मीही बोलले नाही.

पण म्हणूनच मला बघवत नाही, की सहा दिवस शर्ट, घरी गाऊन आणि चांगलं ते सगळं वरच्या कप्प्यात. कुणी आहेरात दिलेल्या, तुला न आवडणाऱ्या साड्या खुशाल वाट. बोहारीण आली तर पातेलं घे. घरकुलातल्या तुझ्या मैत्रिणींना हव्या असतील तर त्यांना दे. मी त्या साड्यांची वेगळी यादी करून ठेवलीय. पैठणी मात्र त्या यादीत नाही, आणि ती तू कुणाच्या रुखवतातही सरकवायची नाहीस.

मार्गशीर्षातले गुरुवार येतायत, आणि तुझी सुट्टीही गुरुवारचीच. पहिल्या गुरुवारी घट मांडशील तेव्हाची साडी मी अ‍ॅपच्या कॅलेंडरवर टाकून ठेवलीय. उघडून बघ. अंजिरी ब्लाउज आधी टेलरकडे दे, दंडात दीड इंच वाढव म्हणावं. आणि फोटो पाठव, पदर पुढे घेऊन.

तुझी,
धाकटी