ओक कीं साग?

आमच्या भंडाऱ्याच्या घरीं जेवणघरांत एक लांबट, बुटकें कपाट आहे. वर ताटें मांडण्यास फळी, मध्यें दोन खण, खालीं दारें. इंग्रजी अमदानींत यास साइडबोर्ड म्हणत. आजोबांनीं तें एका लिलावांत घेतलें, आणि ‘विलायती ओकचें कपाट’ ही ख्याति त्याजबरोबरच घरांत आली. गेल्या वर्षीं जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानें ओक म्हणून त्यास चांगला भाव देऊं केला. घरांत पैशाची निकड होती. आजी मात्र म्हणाली, “आधीं तें काय आहे तें पाहा, खोट्या नांवानें आपल्या घरची वस्तु जाणार नाहीं.”

वाचकहो, जुन्या पॉलिशाखालीं सारींच लांकडें काळसर दिसतात. म्हणून मिस्त्रीकाकांनीं खण काढून उलटा केला. त्रिज्येच्या दिशेनें चिरलेल्या ओकच्या फळीवर रुपेरी, चकाकते पट्टे दिसतात. येथें ते कोणत्याच फळीवर नव्हते. बोटांस किंचित् तेलकटपणा जाणवला, आणि कड जराशी तासतांच चामड्यासारखा वास आला. हा तर साग! ओकच्या जाती आपल्या देशांत हिमालयांत वाढतात. साग आमच्या रानांतलाच. खणाच्या तळाशीं पेन्सिलीनें १, २ असे देवनागरी आंकडेही निघाले. घाट विलायती, हात मात्र एतद्देशीय. सांध्यांचे दांते लहानमोठे, म्हणजे हातकाम; पण तेवढ्यावरून वय ठरत नाहीं, कारण तसे सांधे आपले सुतार अजूनही पाडतात.

मागच्या कोपऱ्यांत स्पिरिटाचा बोळा फिरवितांच पॉलिश चिकट झालें; अर्थात् तें लाखेचें. पळस, कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख पूर्व विदर्भाच्या रानांतही होते. रंधा मारण्यास मिस्त्रीकाकांनीं साफ नकार दिला. वर्षांनुवर्षें मुरलेला रंग एका हातांत निघून जातो. त्यांनीं मळलेलें पॉलिश स्पिरिटानेंच पुसलें, रेषांच्या दिशेनें बारीक कागद फिरविला आणि एक लिटर स्पिरिटांत सुमारें १५० ग्रॅम चपडा विरघळवून, कापडांत गुंडाळलेल्या कापसानें पातळ हात दिले. पावसाळी दमटपणानें असें पॉलिश पांढुरकें पडतें, यास्तव दसऱ्यापर्यंत थांबावें लागलें.

व्यापाऱ्यास ‘साग’ असें कळवितांच त्यानें भाव निम्म्यावर आणला. कपाट घरींच राहिलें. एका खणांत आजोबांच्या दौतीचा काळा डाग आहे. त्यास आजीनें कोणास हात लावूं दिला नाहीं.