जिन्याखालची यादी

मुलांनो, समजा तुम्ही बाबांबरोबर दादरच्या एखाद्या उपाहारगृहात गेलात आणि म्हणालात, "एक मिसळ. कांदा नको. जादा पाव दोन." शेजारच्या टेबलावरचा मुलगा हेच उलटं सांगेल, "जादा पाव दोन, कांदा नको, मिसळ एक." वेटरला काही फरक पडत नाही. मुख्य पदार्थ कोणता आणि त्याबद्दलच्या सूचना कोणत्या, हे त्याला बरोबर कळतं. नुसतं "पाव जादा" म्हणालात तर तो विचारतो, "किती?" मनानेच सहा आणून ठेवत नाही.

संगणकाला एवढी साधी गोष्ट शिकवावी लागते. मी ती नीट शिकवली नव्हती, म्हणून १९९९ साली आमच्या चाळीतल्या एका आजींना चारचौघांत मान खाली घालावी लागली.

आमची चाळ गिरगावातली. गिरगावात सार्वजनिक गणपती १८९३ पासून बसतो, केशवजी नाईकांच्या चाळीत. आमचा त्या मानाने धाकटा, पण वर्गणीचा हिशेब कडक! त्या वर्षी मी हौसेने तो संगणकावर घेतला. लॅमिंग्टन रोडवरून जुना प्रिंटर आणला, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं. त्यात काळ्या पडद्यावर हुकूम टंकायचा. तो वाचून अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमला म्हणतात शेल, आणि त्याच्यासाठी हुकूम ओळीने लिहून ठेवलेल्या फाईलला शेल स्क्रिप्ट.

माझ्या स्क्रिप्टचं नाव होतं 'यादी'. 'यादी २' असं टंकलं की दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांची नावं आणि खोली क्रमांक छापून येत. 'यादी -बी २' टंकलं की फक्त बाकी असलेल्यांची. (ही अक्षरं संगणकावर रोमन लिपीत टंकायची, इथे मी मराठीत लिहितोय.) अक्षराआधीची ती आडवी रेघ महत्त्वाची. ती सांगते की ही सूचना आहे, मजल्याचा आकडा नव्हे.

गणपतीला आठ दिवस असताना खजिनदार काकांनी टंकलं, 'यादी २ -बी'. यात काकांचं काय चुकलं? "दुसरा मजला, फक्त बाकीवाले," असंच आपण बोलतो की! पण माझी स्क्रिप्ट आडवी रेघ फक्त पहिल्या जागी शोधायची. तिथे होता २. म्हणजे मजला दुसरा. त्यापुढे काय लिहिलंय याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मला समजलं नाही असंही म्हणाली नाही. गुपचूप अख्ख्या मजल्याची यादी छापून मोकळी झाली. काकांनी वर लाल स्केचपेनने लिहिलं, 'वर्गणी बाकी', आणि कागद जिन्याखालच्या फळ्यावर लावून टाकला.

रात्री आठच्या सुमारास त्या आजी दारात उभ्या. मुठीत पावती. क्रमांक १, रुपये एक्कावन्न. दरवर्षी पहिली पावती त्यांचीच असे. यजमान परळच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली, तेव्हापासून आजी पापड लाटून घर चालवत होत्या. "मी वर्गणी बुडवली का रे?" एवढंच विचारलं त्यांनी.

काका म्हणाले, "मावशी, संगणक चुकला हो." मी क्षणभर गप्प राहिलो. ते गप्प राहणं मला अजून बोचतं. मग सांगितलं, चूक माझी. आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावर घरोघरी जाऊन माफी मागून आलो. आजी म्हणाल्या, "कागद फाडलात, पण वाचणाऱ्यांनी वाचलाच ना."

त्याच रात्री स्क्रिप्ट नव्याने लिहायला बसलो. तेव्हा कळलं की माझ्यासारखे धडपडणारे पुष्कळ होऊन गेलेत. युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मली, स्टीफन बोर्न यांचा प्रसिद्ध शेल १९७९ चा, आणि सूचना निवडून देणारा 'गेटऑप्ट्स' हा हुकूम त्या शेलमध्ये आला १९८६ साली. त्याला आधी सांगून ठेवायचं, 'एम:बी'. म्हणजे एम आणि बी या दोनच सूचना मला चालतात. एमपुढचा विसर्गासारखा कोलन म्हणतो की हिच्यामागून एक माहिती आलीच पाहिजे. जसं जादा पाव, किती? मग गेटऑप्ट्स एकेक सूचना उचलून हातात देतो. अनोळखी अक्षर दिसलं की तक्रार करतो.

पण त्याचीही एक खोड आहे. आडव्या रेघेशिवायचा शब्द दिसला की तो तिथेच थांबतो. काकांचं 'यादी २ -बी' त्यालाही जमलं नसतं! म्हणून मी मजलाही सूचनाच केला, '-एम २'. आता '-एम २ -बी' लिहा नाहीतर '-बी -एम २', उत्तर एकच. शेवटी काही शब्द शिल्लक राहिले तर स्क्रिप्ट काहीही न छापता थांबते. आणखी एक फट राहिली होती. '-एम -बी' असं लिहिलं तर गेटऑप्ट्स '-बी' हाच मजला समजून गिळतो. म्हणून मजला १ ते ३ यांपैकीच आहे ना, हे तपासणारी ओळ घातली.

गंमत म्हणजे ती चुकीची यादी पुसायला गेलो तर पुसेना. फाईलचं नाव मी '-बाकी' ठेवलं होतं, आणि पुसण्याचा हुकूम नावालाच सूचना समजत होता! नावाआधी दोन आडव्या रेघा एकत्र टंकल्या, म्हणजे 'सूचना संपल्या, आता नावं', तेव्हा कुठे ती गेली.

पुढच्या वर्षी काका नुसतंच '-एम' टंकून मोकळे झाले. पडद्यावर आलं, 'मजला कोणता?' काका गॅलरीत जाऊन ओरडले, "अरे, हा विचारायला लागला!"

आजी आल्या, एक्कावन्न रुपये दिले. पावती छापून हातात पडेपर्यंत हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता ती बाकीची यादी काढ बघू." मी काढली. चष्मा लावून त्यांनी आपला खोली क्रमांक वरपासून खालपर्यंत शोधला, दोनदा. मगच त्या घरी गेल्या.