फुंकर

मिलच्या जनरेटरचं डिझेल इंजिन उलटं पाडलं होतं. मेन बेअरिंगच्या जुन्या बोल्टांजागी स्टड बसवायचे होते. मिस्त्री म्हणाला, "भोकं साफ कर. टॉर्क पाना तुम्हा लोकांचं काम नाय."

आट्यांतून टॅप फिरवला. बंद भोकाच्या बुडाशी तेल उरलं तर स्टडाखाली ते दबत नाही, ब्लॉकच तडकतो. नळी तोंडात धरून फुंकत राहिलो. तेल, चुरा, सगळं थोबाडावर.

दोस्तहो, माझ्या आज्याच्या बापाच्या काळी आपल्याला विणकाम खात्यात घेत नसत. नवी कांडी घातली की दोरा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. आमच्या थुंकीनं दोरा बाटे! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल टाकला होता.

लोखंड बरं बाटलं नाही.

स्टड हातानंच बसवले. जोर फक्त नटावर, टप्प्याटप्प्यानं. मिस्त्रीनं कॅप आवळल्या. मी म्हटलं, "मिस्त्री, स्टडाचा ताण वेगळा. भोक मापायचं नाय?" त्यानं बोअर गेज माझ्याकडे ढकललं. भोक लंबगोल झालेलं. तसंच चालवलं असतं तर बेअरिंग जळालं असतं. ब्लॉक लाइन बोअरिंगला निघाला.

चिठ्ठीवर 'तपासणारा' म्हणून मिस्त्रीनं स्वतःचं नाव घातलं. मी ते खोडून माझं लिहिलं. शाई तेलानं पसरली, पण वाचता येतं.