लॅपटॉपची शिदोरी

बँकेतील दीर्घ नोकरीत माझ्या हातून रोख कधी कमी-जास्त झाली नाही, याचा मला थोडा अभिमान होता. निवृत्तीनंतर पुतण्याच्या हळदीच्या व्यापाराचे हिशेब पाहू लागलो, तेव्हा बोटाच्या पेराएवढ्या एका वस्तूने तो अभिमान उतरवला. आपल्या घरोघरी आता चोपडीची जागा लॅपटॉपने घेतली आहे आणि खरेदी-विक्रीच्या फिरतीत तो सोबत असतोच. म्हणून ती हकिकत येथे सांगतो.

पुतण्याने पेढीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आणि फिरतीसाठी वजनाला हलका असा नवा लॅपटॉप घेतला. सांगलीहून इरोडच्या हळद बाजारात जायचे ठरले, तेव्हा लॅपटॉपचे साहित्य जमवण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. दुकानदार दाखवत गेला आणि मी घेत गेलो. लॅपटॉप थंड ठेवणारा पंखा, घडीचा स्टँड, चिमट्याचा दिवा, वेगळा कीबोर्ड, वजनदार पॉवर बँक! सौभाग्यवतींनी ती बॅग उचलून पाहिली आणि विचारले, "अहो, यातले काय नसेल तर तुमचे काम अडेल?" मी हसून विषय बदलला.

इरोडला आमचा दुसरा दिवस म्हणजे महिन्याची 20 तारीख. जीएसटीचे 3बी विवरणपत्र भरण्याचा तो शेवटचा दिवस. मालकीच्या पेढीला मोबाईलवर येणारा ओटीपी चालतो. कंपनीला मात्र डिजिटल स्वाक्षरी लागते आणि ती टोकनमध्ये असते. टोकन पुतण्याच्या खिशात होते, त्याचे सॉफ्टवेअरही लॅपटॉपवर घातलेले होते. रात्री आठच्या सुमारास लॉजच्या खोलीत आकडे जुळवून झाले. टोकन लावायला घेतले, तर ते बसेल अशी जागाच लॅपटॉपला नव्हती. टोकन जुन्या रुंद यूएसबीचे आणि लॅपटॉपला नुसत्या टाइप-सीच्या अरुंद खाचा. घरी स्वाक्षरीचे काम दुकानातल्या जुन्या संगणकावर होत असे. त्यामुळे निघण्यापूर्वी टोकन लावून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही.

"काका, आता हो?" पुतण्याने विचारले. विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये. त्याची धास्ती नव्हती. पण पुढच्या महिन्यात त्याच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण होते. अशा वेळी बँकेचा अधिकारी विवरणपत्रांच्या तारखा पाहतो, हे मी त्याला काय सांगावे? मी स्वतः त्या टेबलामागे बसून त्या पाहिल्या होत्या. तारीख चुकलेल्या व्यापाऱ्याने सांगितलेली कारणे मी ऐकली होती आणि मनात म्हटले होते, "हे आधी सुचायला नको का?"

आम्ही दोघे रस्त्यावर उतरलो. तमिळ येत नाही. तळहातावर टोकन आणि लॅपटॉपची केबल ठेवून दाखवत फिरलो. तिसऱ्या दुकानदाराने अर्धे ओढलेले शटर वर केले, काही न विचारता एक जोडणी काढून दिली. तिची किंमत आमच्या त्या रात्रीच्या जेवणापेक्षा कमी होती. साडेनऊला विवरणपत्र दाखल झाले.

त्यानंतर मी यादी उलट्या क्रमाने करू लागलो. प्रवासात कोणते काम करायचे ते आधी लिहायचे, त्यासाठी लागणारी वस्तू त्याच्यापुढे; आणि ते काम घरच्या टेबलावर, त्याच लॅपटॉपवर, एकदा करून पाहायचे. टाइप-सीची जोडणी आता टोकनलाच दोऱ्याने बांधलेली असते.

दुसरी गोष्ट विजेची. माझी पॉवर बँक 20,000 एमएएचची होती, पण ती 18 वॅटच देई आणि लॅपटॉपला हवे होते 65. मोबाईलसाठी ती उत्तम, लॅपटॉपसाठी निव्वळ ओझे. तेव्हा खरेदी करताना एमएएचबरोबर वॅटही वाचावेत. केबलही तशीच पाहावी. साधी टाइप-सी केबल 60 वॅटपर्यंतच चालते, त्यापुढे 5 अँपिअरची लागते. विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी. सामानखान्यात जाणाऱ्या बॅगेत ती चालत नाही. मर्यादा साधारणपणे 100 वॅट-तासांची असते. 20,000 एमएएच म्हणजे सुमारे 74 वॅट-तास, म्हणून ती चालते.

चार्जरवरची बारीक अक्षरेही वाचावीत. "100-240 व्होल्ट" असे लिहिले असेल, तर रेल्वे डब्यातल्या 110 व्होल्टवरही तो चालतो आणि परदेशी जाताना केवळ पिनेचा जोड पुरतो. मात्र रात्री डब्यातला पुरवठा बंद ठेवतात, हे ध्यानात घेऊन दिवसाच चार्ज करून घ्यावे. लॉजमध्ये बहुधा एकच प्लग असतो आणि तोही पलंगामागे. म्हणून तीन पिनांचा छोटा एक्स्टेंशन बोर्ड नेतो. हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपड्यांच्या बॅगेत ठेवतो. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत, त्यातलाच हा शहाणपणा. माऊस मात्र नेतो. साठीनंतर बोटांना तेवढी सवलत द्यावी.

पंखा, स्टँड, दिवा आणि कीबोर्ड घरच्या कपाटात आहेत. गेल्या महिन्यात पुन्हा इरोडला निघालो, तेव्हा सौभाग्यवतींनी बॅग उचलली आणि काही न बोलता खाली ठेवली. मीच म्हणालो, "यातले काहीही काढले तर काम अडेल." त्यांनी वर खाकऱ्याचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "मग याच्यावाचूनही अडेलच."