टिचकी

बाजारांत मडकें विकत घेणारी बाई तें प्रथम उजेडाकडे धरून पाहते आणि मग बोटानें त्यावर एक टिचकी मारते. खणखणीत नाद उठला तर मडकें पक्कें; बद्द आवाज आला तर कोठें तरी चीर आहे. माती कोणत्या नदीकांठची, आवा किती तापला होता, यांपैकीं तिला कांहीं ठाऊक नसतें व ठाऊक करून घेण्याची जरूरहि नसते. बाहेरून एक लहानसा आघात करावयाचा, त्याला मिळणारें उत्तर ऐकावयाचें आणि त्यावरून आंतील स्थितीचा निर्णय करावयाचा, एवढीच तिची रीत. व्हिएन्नाचे वैद्य लिओपोल्ड औएनब्रुगर यांनीं १७६१ सालीं रोग्याच्या छातीवर बोटांनीं ठोकून रोग ओळखण्याची पद्धति प्रसिद्ध केली. त्यांचे वडील ग्रात्स येथें खाणावळ चालवीत. पिपांवर ठोकून आंत दारू किती उरली हें पाहण्याची त्या धंद्यांतली संवयच मुलाच्या कामीं आली, असें सांगतात.

ज्या शास्त्रांत माझा दिवस जातो, तें या टिचकीचेंच शास्त्र आहे. इंग्रजींत त्याला 'सिस्टिम आयडेंटिफिकेशन' म्हणतात. मी त्याला 'अभिज्ञान' म्हणतों. हा शब्द ऐकून वाचकांस शकुंतलेची अंगठी आठवेल, आणि ती आठवण अगदींच अस्थानीं नाहीं. खुणेवरून ओळख पटणें हाच त्याचा अर्थ. एखाद्या यंत्रांत काय घातलें व त्यांतून काय निघालें याची नोंद ठेवावयाची, आणि आंकड्यांच्या त्या दोन ओळींवरून मधल्या वस्तूचा स्वभाव गणितांत मांडावयाचा. याचें जुळें भावंड म्हणजे नियंत्रण. स्वभाव कळला कीं ती वस्तु हव्या त्या मर्यादेंत कशी ठेवावी, हें तें शिकवितें. दोन्ही विद्या बहुधा एकाच खोलींत शिकविल्या जातात. त्यांचें आपसांत वैर आहे, ही गोष्ट मात्र वर्गांत फारशी बोलली जात नाहीं.

हें वैर पाहावयाचें तर कागदाच्या गिरणींत जावें. स्वीडनमधील बिलरूड कंपनीच्या गिरणींत १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत कार्ल योहान ऑस्ट्रम व त्यांचे सहकारी यांनीं कागदाचें यंत्र संगणकाकडून चालविण्याचा उद्योग आरंभिला. अशा यंत्राच्या एका टोकाला पाणीदार लगदा जाळीवर पसरतो. पाणी गळून जातें. मग तो ओला पट्टा वाफेनें तापलेल्या रुळांवरून धांवत जातो आणि दुसऱ्या टोकाला कागद होऊन गुंडाळला जातो. गिऱ्हाइकाची अट अशी कीं, कागदांतील ओलावा अमुक मर्यादेच्या वर जातां कामा नये. ओलावा सारखा खालींवर होत असेल तर कारखानदार भीतीपोटीं त्याची सरासरीच पुष्कळ खालीं ठेवतो, म्हणजे गरजेपेक्षां जास्त वाफ खर्च करतो. तें डोलणें कमी झालें कीं सरासरी मर्यादेच्या जवळ नेतां येते; वाफ वांचते, आणि वजनावर विकल्या जाणाऱ्या मालांत थोडें अधिक पाणी कागदाच्या भावानें जातें. गवळ्याला हें गणित कोणी शिकवावें लागत नाहीं.

पण यासाठीं यंत्राचा स्वभाव आधीं कळला पाहिजे, आणि टिचकी मारल्यावांचून स्वभाव कळत नाहीं. चालत्या यंत्रावर मारलेली प्रत्येक टिचकी तर कागदावर उमटते! यावर आमच्या शास्त्रानें जी युक्ति काढली ती मला आजहि मोठी मोहक वाटते. झडप किंचित् उघडावयाची, किंचित् मिटावयाची. केव्हां उघडावयाची व केव्हां मिटावयाची हें जणूं नाणें उडवून ठरवावयाचें. ही चाळवाचाळव इतकी लहान असते कीं यंत्राच्या रोजच्या चढउतारांत ती दिसतहि नाहीं. परंतु नाण्याच्या कौलांची यादी आपल्यापाशीं असते. तासन् तास घेतलेली नोंद त्या यादीशीं ताडून पाहिली म्हणजे इतर चढउतार एकमेकांना मारून टाकतात आणि आपल्या टिचकीचें उत्तर तेवढें गाळाखालून वर येतें. नोंदींवरून यंत्राचा स्वभाव काढण्याची एक गणिती रीत ऑस्ट्रम व टॉर्स्टेन बोलीन यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली. ती आतां विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत जाऊन बसली आहे.

टिचकी न मारतां नुसती रोजची वही वाचून भागणार नाहीं काय? नाहीं, आणि नियंत्रण जितकें चोख, तितकी ती वही मुकी. त्याच थंड देशांतील एक घर कल्पनेनें उभें करा. खोलीची उष्णता २० अंशांवर राखणारी उत्तम शेगडी तेथें आहे. बाहेर गारठा वाढला कीं ती आपण होऊन अधिक इंधन जाळते, ऊब आली कीं कमी. वर्षाअखेर तिची वही कोणा परक्याच्या हातीं द्या. इंधन कधीं थोडें, कधीं पुष्कळ. खोली मात्र सदा २०. गृहस्थ निर्णय देईल कीं इंधनाचा आणि खोलीच्या उबेचा कांहीं संबंध नाहीं. बाहेरच्या थंडीचा रकाना त्यानें पाहिला तर, इंधन जाळल्यामुळें गांवांत थंडी पडते, असेंहि तो म्हणेल. शेगडीनें आपलें काम इतकें चोख केलें कीं काम केल्याचा पुरावाच उरला नाहीं.

याहून विलक्षण प्रकार, चालतां चालतां स्वतःच शिकणाऱ्या यंत्रांत आढळतो. यंत्रें झिजतात, त्यांचा स्वभाव पालटतो. म्हणून अशा नियंत्रकाला जुना अनुभव हळूहळू विसरून नवा धरावयास शिकविलेलें असतें. सुरुवातीला तो चुकतो, शिकतो, आणि मग सर्व कांहीं शांत होतें. शांततेंत शिकण्यासारखें कांहीं घडत नाहीं. विसरणें मात्र चालूच राहतें. असा तो आंतून रिकामा होत जातो, आणि एके दिवशीं क्षुल्लक धक्क्यासरशीं सारें यंत्र भडकून उठतें. त्या भडक्यांत माहिती भरपूर मिळते. नियंत्रक पुन्हा शहाणा होतो, पुन्हा शांतता नांदते, पुन्हा विस्मरण सुरू होतें. यावर उपाय दोनच: निवांत काळीं विसरणें थांबवावें, नाहीं तर मधून मधून आपण होऊन टिचकी मारीत राहावें. सोव्हिएट शास्त्रज्ञ फेल्डबाउम यांनीं १९६० च्या सुमारास नियंत्रकाचें हें दुहेरी कर्तव्य प्रथम नीट मांडलें. त्यानें वस्तु ताब्यांत ठेवावी आणि तिची चौकशीहि करावी. चौकशी करावी तर ताबा ढळतो, आणि ताबा राखावा तर चौकशी राहते. येथें राज्यकर्ते, शाळामास्तर व कुटुंबप्रमुख यांच्याकडे वळण्याचा मोह होतो. तो मी आवरतों.

एक प्रकरण मात्र आवरतां आलें नाहीं, कारण तें आमच्या घरांतच उपस्थित झालें. आमचे तात्या हिशेबखात्यांतून निवृत्त झालेले. सात वर्षें ते रक्तदाबाची गोळी घेत होते आणि दर रविवारीं दाब मोजून वहींत टिपून ठेवीत होते. एका संध्याकाळीं ती वही माझ्यापुढें ठेवून ते म्हणाले, "अरे, सात वर्षांत आंकडा १३० च्या आसपास आहे. त्यांत गोळीनें काय केलें तें मला दाखव. तुझें शास्त्र काय म्हणतें?"

माझें शास्त्र जें म्हणत होतें तें मोठें अडचणीचें होतें. ही वही म्हणजे त्या शेगडीचीच वही. गोळी निरुपयोगी आहे असें ती सांगत नव्हती; पण गोळी अजून हवीच, असेंहि ती सांगत नव्हती. प्रथम गोळी सुरू झाली तेव्हां दाब १७० होता, हें खरें. परंतु तेव्हां ते नोकरींत होते, अंगानें जड होते. आतां रोज चार मैल चालतात. स्वभाव पालटला असणें शक्य होतें. तें कळण्याचा मार्ग एकच होता, आणि तो मला ठाऊक होता, म्हणूनच बोलावयास जीभ रेटेना. गिरणींत टिचकीचा खर्च वाया गेलेल्या कागदांत मोजतां येतो. आई म्हणाली, "सगळें चांगलें चाललें आहे ना? मग हात कशाला लावायचा?" चालत्या यंत्राजवळचे जुने कामगार आम्हांला नेमकें हेंच म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें मला कधींच खुळेपणाचें वाटलेलें नाहीं.

आम्ही डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं वही शांतपणें चाळली आणि थोडा विचार करून गोळी अर्धी केली. चार आठवडे सकाळसंध्याकाळ दाब मोजावयाचा, आणि अमुक आंकड्याच्या वर गेला तर त्याच दिवशीं कळवावयाचें. तात्यांनीं वहींत 'गोळी' असा नवा रकाना आंखला. ते चार आठवडे रोज सकाळीं त्यांच्या दंडावरची पट्टी फुगूं लागली कीं मी वर्तमानपत्र समोर धरून बसत असें. वाचीत मात्र नसें. पहिला आठवडा तसाच गेला. दुसऱ्यांत आंकडा चढूं लागला. तिसऱ्याच्या अखेरीस १४८ झाला, आणि डॉक्टरांनीं गोळी पुन्हा पूर्ववत् केली. पुढें पंधरा दिवसांत आंकडा १३० वर परतला.

मला वाटलें होतें, तात्या खट्टू होतील. पण ताळेबंद जुळल्यावर ज्या मुद्रेनें ते कचेरींतून घरीं येत, तीच मुद्रा त्यांच्या चेहऱ्यावर होती. वही मिटून त्यांनीं डॉक्टरांना विचारलें, "गोळीचें कळलें. आतां लोणच्याचें कधीं पाहावयाचें?"