जीव घाबरतोय म्हणजे काय?

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला आधी हसूच आलं. पहिलीपासून बारावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. एकोणऐंशी म्हटलं की आजही मनात क्षणभर सेव्हन्टी नाइन आणि एटी नाइन यांची मारामारी होते. शुद्धलेखनाच्या चुका माझ्या रूममेटने काढल्या आहेत, उरलेल्या तिच्या नावावर. पण विषय मात्र शोधावा लागला नाही. दोन वर्षांपासून तो डोक्यात आहे.

पहिल्या वर्षाच्या शेवटची गोष्ट. मे महिना, अभ्यासाची सुट्टी संपलेली, मी नागपूरहून परत भुसावळला येत होते. सोबत आजी होती. तिचं माहेर फैजपूरचं, तिथे भावाच्या नातवाचं लग्न. स्लीपरचा डबा, खिडकीतून येणारा वारा म्हणजे हेअर ड्रायर. भुसावळचा मे ज्यांनी हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. आमची गाडी अकोला सोडलं की थेट भुसावळलाच थांबणारी होती. म्हणजे जवळजवळ एकशेचाळीस किलोमीटर कुठेही थांबा नाही.

शेगाव आलं की आजी नेहमी उठून खिडकीशी येते आणि गाडी स्टेशनातून निघून जाईपर्यंत हात जोडून उभी राहते. त्या दिवशी तिने झोपल्या झोपल्याच हात जोडले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मोबाइलवर काहीतरी बघत होते.

मग ती म्हणाली, "बाई, जीव घाबरू राह्यला माह्या."

मी म्हटलं, घाबरू नकोस आजी, पोचतोच आहोत. पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले आणि बाटली परत केली. कपाळावर घाम होता, पण घाम तर डब्यात सगळ्यांनाच होता. पाच मिनिटांनी ती पुन्हा तेच म्हणाली. तेव्हा मी १३९ ला फोन लावला. रेल्वेच्या वेगवेगळ्या मदतीचे नंबर २०२१ मध्ये एकत्र करून हा एकच ठेवला आहे, हे मला माहीत होतं, त्यामुळे थोडी ऐटही वाटली. फोन लागला की भाषा निवडायला सांगतात. बारा भाषांची सोय आहे, त्यात मराठीही आहे. मी इंग्रजी निवडलं. महत्त्वाचं बोलायचं असलं की इंग्रजीत बोलायचं, ही बारा वर्षांची सवय.

मी सांगितलं, माझी आजी आहे, वय एकाहत्तर, डायबेटिक आहे, शी इज फीलिंग नर्व्हस.

पलीकडच्या माणसाने अगदी नीट विचारलं, चेस्ट पेन आहे का? मी फोनवर हात ठेवून आजीला विचारलं, "छातीत दुखतंय का गं?" ती म्हणाली, "दुखत नाही." मी सांगितलं, नो चेस्ट पेन. त्याने गाडीचा नंबर, डबा, बर्थ लिहून घेतला आणि भुसावळला डॉक्टर येतील असं सांगितलं. मी फोन ठेवला. आपण किती शांतपणे हाताळलं, असं मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

थोड्या वेळाने टीसी आले. भले गृहस्थ होते. त्यांनी आजीकडे पाहिलं, पंखा तिच्या दिशेला वळवला आणि डब्याडब्यातून कुणी डॉक्टर आहे का ते विचारायला गेले. यामागची एक गंमत मला नंतर कळली. पूर्वी डॉक्टरांना रेल्वेच्या भाड्यात दहा टक्के सवलत असे, आणि ती घेणारा डॉक्टर आरक्षणाच्या तक्त्यात कळून येई. कुणी आजारी पडलं की टीसी सरळ त्या बर्थवर जाऊन उठवायचा. मला ही युक्ती फार आवडली, दहा टक्क्यांत गाडीला डॉक्टर मिळायचा! २०२० च्या मार्चमध्ये बहुतेक सवलती थांबवल्या, त्यात हीही थांबली. आता टीसीला हाक मारत फिरावं लागतं. औषधांची पेटी गाडीत असते, ऑक्सिजनचीही सोय सांगितलेली आहे, पण पेटी गार्डकडे (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात), म्हणजे गाडीच्या शेपटाला. आम्ही इंजिनाच्या बाजूला.

डॉक्टर कुणी मिळाला नाही. नांदुरा गेलं.

आमच्या समोर वरच्या बर्थवर एक बाई झोपल्या होत्या. बोलण्याचा आवाज ऐकून त्या खाली उतरल्या. नर्स होत्या, रात्रपाळी करून निघालेल्या, म्हणून अकोल्यापासून झोपेत. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. आजीच्या पायाशी बसल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आजी, कसं होतंय ते सांगा. दुखतंय का नाही ते सोडा."

आणि आजीने सांगितलं. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं जड झालंय. वर गळ्यापर्यंत भरून आलंय. डावा हात शेगावपासून मुंग्या आल्यासारखा, जबडाही ओढतोय. आत सगळं कालवल्यासारखं. एवढं सगळं. मला तिने फक्त "दुखत नाही" म्हटलं होतं, कारण मी तेवढंच विचारलं होतं.

त्या बाई माझ्याकडे वळल्या. "तू फोनवर काय सांगितलंस?" मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जीव घाबरणं म्हणजे नर्व्हस नव्हे गं." मग टीसींना हाक मारली आणि त्यांच्याकडून पुन्हा फोन करवला. या वेळी हार्ट अटॅक असू शकतो, स्ट्रेचर आणा, असं स्पष्ट सांगितलं. तो फोन चालू असताना मलकापूर खिडकीतून मागे गेलं. पिवळ्या पाटीवरची अक्षरं मला वाचता आली नाहीत इतक्या वेगात.

मलकापूर ते भुसावळ पन्नास किलोमीटर. परिस्थिती गंभीर असेल तर कंट्रोल मधल्या स्टेशनावरही गाडी थांबवू शकतो. मलकापूरला थांबवली असती का, तिथे डॉक्टर वेळेत पोचला असता का, मला सांगता येत नाही. पण आमच्यासाठी कुणी तसं मागितलंच नव्हतं, कारण माझ्या फोनप्रमाणे एस-तीन मधली एक म्हातारी बाई थोडी घाबरली होती.

मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी आहे. सगळी यंत्रणा ठीक असून सेन्सरच चुकीचं रीडिंग देत असेल तर काय होतं, यावर मला दहा मार्कांचं उत्तर लिहिता येतं.

भुसावळला डॉक्टर प्लॅटफॉर्मवर उभे होते, आमचा डबा येतो त्याच जागी. सोबत स्ट्रेचर आणि दोन माणसं. गाडी पुरती थांबायच्या आत ते चढले. या गावाला सगळे जंक्शन म्हणून हसतात, पण इथे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय आहे, रेल्वेचा दवाखाना आहे आणि दिवसरात्र कुठल्या ना कुठल्या गाडीतल्या कुणाला तरी बघायला डॉक्टर प्लॅटफॉर्मवर येतात, हे मी एक वर्ष इथे राहूनही पाहिलं नव्हतं. आम्ही स्टेशनवर फक्त रात्री चहा प्यायला जायचो.

डॉक्टरांनी आजीचा चेहरा पाहिला, नाडी धरली आणि विचारलं, "काय होऊ राह्यलं, माय?" आजीच्या माहेरची बोली! आजीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पाट्यासकट. ते ऐकता ऐकताच त्यांनी गोळी काढून तिला चावून खायला लावली. ती ॲस्पिरिन होती हे मला नंतर कळलं. मग उतरवायचं ठरलं. गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. शेजारच्या डब्यातून लोक डोकावून विचारत होते, काय झालं, गाडी का निघत नाही. त्यांचा राग येण्याचा मला हक्क नव्हता, मीही आधी अशीच डोकावलेली आहे.

त्या गडबडीत कुणीतरी माझ्या हातात शंभर रुपयांची पावती दिली, डॉक्टरांच्या तपासणीची. आजीने ती अजून जपून ठेवली आहे, देवाच्या डबीत. नर्सबाईंना पुढे जायचं होतं. खिडकीतून त्यांनी हात हलवला. नाव विचारायचं राहून गेलं.

दवाखान्यात ईसीजी काढला. हार्ट अटॅकच होता. पप्पा नागपूरहून रात्री पोचले. आजी वाचली. पण हृदयाचा काही भाग कायमचा अशक्त झाला. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी पप्पांना सांगितलं की डायबेटिक, म्हाताऱ्या आणि त्यातही बायका, यांच्यात हार्ट अटॅक असा न दुखताही येतो, आणि स्नायू किती वाचतो ते वेळेवर असतं. पप्पा मान हलवत होते. मी मनात शेगाव ते भुसावळ मिनिटं मोजत होते.

माझा मावसभाऊ क्रूझ जहाजावर किचनमध्ये कामाला आहे. दिवाळीत आला होता तेव्हा मी त्याला खोदून खोदून विचारलं. त्याच्या जहाजावर चक्क छोटं हॉस्पिटल आहे, खालच्या डेकवर, जिथे हेलकावे कमी लागतात. डॉक्टर आहेत, नर्स आहेत, एक्स-रे आहे. बिल डॉलरमध्ये, ते ऐकूनच बरं वाटावं असं. शवागारसुद्धा आहे, असं तो आईसमोर बोलून बसला आणि फराळ थांबला. मी नंतर शोधलं, तर २००६ च्या जागतिक सागरी कामगार कराराप्रमाणे शंभर किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून अधिक लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे. समुद्रात पुढचं स्टेशन नसतं, हे कारण. आपल्या लांबच्या गाडीत हजाराच्या वर माणसं असतात, पण डॉक्टर गाडीत नसतो, पुढच्या स्टेशनवर असतो. गंमत म्हणजे रुळांवरचं हॉस्पिटल आपल्याच देशात आहे. लाइफलाइन एक्सप्रेस, १९९१ पासून, डब्यांत ऑपरेशन थिएटर घेऊन गावोगाव जाते. पण ती एकेका गावी मुक्काम करते, प्रवाशांसाठी ती नाही.

जहाजावर डॉक्टर असला म्हणजे सगळं झालं असंही नाही. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाला अडकलेल्या डायमंड प्रिन्सेसवर ३७११ माणसं होती आणि सातशेवर लोकांना कोरोना झाला. तिथले छोटे दवाखाने काय पुरणार? मावसभाऊ म्हणतो, त्याच्या जहाजावर नर्सची सगळ्यात मोठी अडचण भाषा. कुणी कोरियन, कुणी ब्राझीलचा, दुखणं सांगताना माणूस आपल्याच भाषेत शिरतो. मग किचनमधून, लॉन्ड्रीतून त्या भाषेचा माणूस बोलावतात. एकदा सोलापूरकडच्या एका आजोबांसाठी यालाच बोलावलं होतं. आजोबा म्हणत होते, "पोटात गुबारा धरलाय." यालाही त्याचं इंग्रजी येईना. मग त्याने दोन्ही हातांनी पोट फुगवून दाखवलं.

तेव्हापासून मी एक वही केली आहे. सर्किट्सच्या जर्नलची उरलेली पानं. त्यात दुखण्याचे शब्द लिहिते. कळ, ठणका, चमक, शिणक, मुरडा, धाप, धडधड, भोवळ, ग्लानी, कसनुसं, उमासे. हातपाय गळणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, पोटात खड्डा पडणं. शिरपूरच्या, यावलच्या, मेहकरच्या मैत्रिणी आपापल्या घरचे शब्द देतात. मेसच्या मावशींनी सहा दिले आणि सातवा दुखण्याचा नव्हे, रेक्टरांसाठी होता, तो गाळला. प्रत्येक शब्दापुढे मी लिहिते की नक्की कुठे, कसं, किती वेळ. इंग्रजी शब्द लिहीत नाही, कारण बहुतेकांना तो नाहीच, आणि ओढूनताणून लिहिला की काय होतं ते मी पाहिलंय.

दिवाळीला आपण सगळे गाड्यांनी घरी जाणार. १३९ पाठ ठेवा, फोन करताना डबा आणि बर्थ आधी सांगा. आणि जे माणूस आजारी आहे त्याच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं सांगा, शक्यतो त्याच्याच भाषेत. नाहीतर फोन त्याच्याच हातात द्या.

आजी आता नागपूरला असते. जिना चढायचा नाही, मीठ कमी, ओट्यापर्यंत चालायचं आणि परत यायचं. फैजपूरचं ते लग्न हुकलं याचं तिला अजून वाईट वाटतं. घरी कुणी पाहुणे आले की ती गोष्ट सांगते. माही नात इंग्रजी शिकेल हाये ना, तिनं फाडफाड इंग्रजीत फोन लावला, म्हणून तं सायेब स्टेशनवर उभे होते, म्हणून मी वाचली. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी कप उचलते आणि आत जाते.