करवंदीची परदेशी बहीण

आफ्रिकेला जाऊन आलेल्या माणसाने परतल्यावर सिंहाच्या गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडे एक संकेत आहे. मी दार-ए-सलामला पंधरा दिवस राहून आलो आणि सिंह पाहिला नाही, हे कळताच आमच्या स्टाफरूममधल्या मंडळींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच परत आलेल्या माणसाकडे पाहण्याची नजर होती. काय करणार! मी पाहिली ती एक वेल.

माझा भाचा तिथे इंजिनिअर आहे. 'मामा-मामी, एकदा याच' असे दोन वर्षे चालले होते. गेल्या सुटीत योग आला. त्याचा सहा वर्षांचा बंड्या मला 'मामाआजोबा' म्हणतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आजोबा होणे जरा जड जाते, पण नात्यापुढे इलाज नसतो. पहिल्याच संध्याकाळी हा बंड्या आजूबाजूच्या पोरांबरोबर अंगणात चेंडू खेळत होता आणि सगळी मिळून "म्पिरा! म्पिरा!" म्हणून ओरडत होती.

मी मराठीचा प्राध्यापक. नवा शब्द कानावर पडला की मला चैन पडत नाही. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' आणि हिशेबाला 'हेसाबू' म्हणतात, एवढे मी विमानातच पाठ केले होते. 'म्पिरा' मात्र अगदीच अनोळखी. भाचा म्हणाला, "मामा, म्पिरा म्हणजे चेंडू. म्पिरा म्हणजे रबरसुद्धा. आणि ज्या वेलीपासून इथे रबर काढत, तिलाही म्पिराच म्हणतात."

"वेलीपासून? रबराचे झाड असते ना?"

"ते ब्राझीलचे. इथली वेल. आत्ता तुम्ही जे सरबत प्यालात ना, ते तिच्याच भाऊबंदातल्या फळाचे."

ते सरबत पिवळेधमक, आंबटगोड होते. आंबा, संत्रे आणि अननस यांनी आपापसांत तडजोड केली तर जी चव होईल, तशी त्याची चव. फळाचे नाव बुंगो. ते ज्या वेलीला लागते तिला शास्त्रज्ञ 'साबा' म्हणतात. पूर्वी तिची गणनाही लँडॉल्फिया या रबराच्या वेलींतच होत असे. आमच्या सौ.ने सरबताची कृती विचारून घेतली. मी वेल पाहायला कधी नेतोस, ते विचारून घेतले.

शहराच्या नैर्ऋत्येला पुगूच्या टेकड्या आहेत. तिथे किनारपट्टीच्या जुन्या रानाचा एक तुकडा राखून ठेवला आहे. वाट दाखवायला एक वृद्ध गृहस्थ आले. भाच्याने त्यांना "शिकामू" म्हटले आणि त्यांनी "मरहबा" असा आशीर्वादवजा जबाब दिला. 'आपले पाय धरतो' हा त्या नमस्काराचा मूळ अर्थ, असे सांगतात. मीही "शिकामू" म्हटले. इतक्या दूर येऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला मिळाले, याचे मला बरे वाटले.

वेल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जाईजुई येते. मांडवावर चढणारी, नाजूक, आधार शोधणारी. ही वेल पाहून तो समज पार पुसला गेला. खाली मनगटाएवढे जाड, खरबरीत, काळपट खोड. वेटोळी घालत ते एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले, आणि पाने-फुले कुठे, तर मान मोडेपर्यंत वर पाहिले तेव्हा शेंड्यावर, उन्हात. खालच्या अंधारात जगायचे तर वर पोहोचलेच पाहिजे. पण स्वतःचा बुंधा पोसण्याचा खर्च कशाला? शेजारच्या झाडाचा जिना वापरावा, हे या वेलींचे साधे शहाणपण. चढण्याची त्यांची युक्तीही गमतीची. फुलांचे तुरे यायचे तिथल्या काही तुऱ्यांना फुले येतच नाहीत. त्यांचे आकडेदार तणावे होतात आणि ते फांदीला विळखा घालतात.

या जातीचे नाव लँडॉल्फिया कर्काई. लँडॉल्फ हा एक फ्रेंच जहाजाचा कप्तान. 'कर्काई' हे जॉन कर्क या डॉक्टरवरून आले. लिव्हिंग्स्टनबरोबर झांबेझी नदीवर गेलेला आणि पुढे झांझिबारला इंग्रजांचा वकील झालेला हा वनस्पतींचा वेडा. झांझिबारच्या तांबड्या माकडालाही त्याचेच नाव आहे.

आणि कूळ? कण्हेरीचे! चाफा, तगर, सदाफुली आणि आपली करवंदी, सगळ्या या एकाच घरातल्या. म्हणजे कोकणात ओठांना चिकटतो तो करवंदाचा चीक आणि हे रबर, दोन्ही एकाच कुळाचा वारसा. जखम झाली की चीक पाझरतो, घट्ट होतो आणि जखम बुजवतो. पाने कुरतडणाऱ्या किड्याचे तोंडही चिकटवतो. वेलीने तो स्वतःच्या रक्षणासाठी ठेवला आहे. माणसाच्या चेंडूसाठी नव्हे.

राखीव रानात वेलीला कोयता लावायचा नाही. पण एक फांदी माकडांनी ताजी मोडली होती. म्हाताऱ्याबाबांनी तिचा चीक बोटावर घेतला, दुसऱ्या बोटाने त्याची तार ओढली आणि ती गुंडाळत गुंडाळत बोराएवढी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. जुन्या काळी या किनाऱ्यावर असेच रबराचे चेंडू वळून व्यापाऱ्याला विकत. मी गोळी दगडावर टाकली. ती उडाली! मी लहान मुलासारखा हसलो.

हसू फार वेळ टिकले नाही, कारण याच लँडॉल्फियाच्या दुसऱ्या एका जातीची पश्चिमेकडची, काँगोच्या अरण्यातली हकीकत मी पूर्वी वाचली होती. 1888 साली डनलॉप नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर केले. हौस बापाची, खेळणे पोराचे. पण सायकली वाढल्या, मोटारी आल्या, आणि जगाला रबर पुरेना. त्या वेळी काँगो हा बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीचा होता, 1885 पासून 1908 पर्यंत. त्या मुलखात या राजाने एकदाही पाऊल टाकले नाही.

वेलीचा स्वभावच त्याच्या पथ्यावर पडला. तिला लावायला नको, पाणी नको, राखण नको. रानात ती आयतीच होती. भांडवल काय ते माणसांचे कष्ट, आणि ते बंदुकीने फुकट मिळत होते. गावागावाला ठरीव वजनाचे रबर नेमून दिले. पुरुष रानातून परत येईपर्यंत बायका ओलीस. चीक वाळवायला काही जण तो अंगावरच फासत आणि मग केसांसकट ओढून काढत. एका वेलीत चीक तो किती? हलके काप घेऊन तिला विसावा द्यावा लागतो. पण भरती पुरी करण्याच्या धाकाने लोक वेल मुळापासून तोडत. मग पुढच्या खेपेला आणखी दूर, आणखी उंच चढायचे. वजन कमी भरले की शिपाई येत. काडतूस वाया घालवले नाही, याचा पुरावा म्हणून त्यांना हिशेब द्यावा लागे तो मेलेल्याच्या तोडलेल्या हाताचा. कित्येकदा हात जिवंत माणसाचाच असे.

ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी 1904 मध्ये काढलेले एक छायाचित्र आहे. न्साला नावाचा एक बाप ओट्यावर बसला आहे आणि समोर ठेवलेल्या आपल्या पाच वर्षांच्या मुलीच्या हाताकडे आणि पावलाकडे पाहतो आहे. दिवाळी अंकात हे लिहू नये, असे मला वाटले होते. पण मग त्या रबराविषयी लिहूच नये. अशी छायाचित्रे, केसमेंटचा अहवाल, मोरेल या कारकुनाने वर्षानुवर्षे चालवलेली लेखणी, यांनी अखेर राजाच्या हातून तो मुलूख सोडवला.

वेल वाचली ती मात्र दयेने नव्हे. विकहॅमने 1876 साली ब्राझीलच्या झाडाचे सत्तर हजार बी लंडनच्या क्यू बागेत आणले होते. उगवले त्यातले जेमतेम अडीच-तीन हजार. ती रोपे सिंहलद्वीप, मलाया इथे गेली, मळे झाले, रबर स्वस्त झाले आणि वेलीचा भाव पडला. 1942 मध्ये जपानने मलाया घेतल्यावर काँगोतल्या माणसांना पुन्हा एकदा सक्तीने वेलींच्या मागे धाडण्यात आले. एवढे झाल्यावर मग तिचा पिच्छा सुटला.

पुगूहून परतलो तर बंड्या दारातच. "मामाआजोबा, चेंडू टाका ना!" मी चेंडू टाकला. त्याने दोन्ही हातांनी झेलला. मी त्याच्या हातांकडे पाहत राहिलो, तसा तो वैतागून म्हणाला, "काय पाहता? खेळा की!"

खेळलो. मुलांनी खेळावेच. चेंडूचा काय दोष, आणि वेलीचा तरी काय?

रात्री जेवताना पाहिले, तर दुपारच्या चिकाचा काळा डाग तळहातावर तसाच होता. साबण हरला होता. सौ. म्हणाली, "अहो, करवंदाच्या चिकाला लावतो तसे खोबरेल लावा, निघेल."

खोबरेल लावले. डाग निघाला. ती गोळी मात्र मी बरोबर आणली आहे. टेबलाच्या खणात पेन्सिलींच्या शेजारी ती असते, आणि खोडरबर शोधताना अधूनमधून बोटाला लागते.